जंगलातलं पाणी कुठल्या वाटेनं जातं?

श्रोतेहो, नमस्कार. मृग लागला की मराठवाड्यात जो तो विचारतो, तुमच्याकडं किती पडला? पडलेलं पाणी जमिनीत कुठल्या वाटेनं उतरलं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्या वाटेबद्दल बोलू. तीही गौताळ्याच्या, किनवटच्या जंगलातल्या.

पाणी जमिनीत कसं आणि किती वेगानं सरकतं, या हिशेबाची सुरुवात फ्रान्समधली. हेन्री डार्सी या अभियंत्यानं १८५६ साली वाळूच्या थरातून पाणी सोडून प्रवाहाचा नियम मांडला. पण ती वाळू पूर्ण भिजलेली होती. अर्धवट ओल्या मातीसाठीचं समीकरण अमेरिकेतल्या लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये दिलं. आजची बरीच संगणकीय प्रारूपं, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची संगणकावर मांडलेली गणितं, त्यावरच चालतात. त्यातली खरी गोम अशी, की माती सुकत गेली की तिच्यातून पाणी सरकण्याचा वेग निम्मा-पाऊण होत नाही, तो हजारो पटींनी घसरतो. मे महिन्यातली माती आणि ऑगस्टमधली माती, संगणकाच्या लेखी जवळजवळ दोन वेगळ्या जमिनी.

पाण्यासोबत विरघळलेले पदार्थही निघतात, पण सगळे सारख्या चालीनं नाहीत. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. नायट्रेटवरही, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपावरही, ऋणच, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं. पोटॅशियम, कॅल्शियम कणांना चिकटत, सुटत, रेंगाळत जातात. शिवाय एकाच पदार्थाचे रेणूसुद्धा पांगतात. आळंदीहून एकत्र निघालेले वारकरी पंढरपुरात काही एका क्षणी पाऊल ठेवत नाहीत, तसंच.

इथवर गणित ठीक चालतं. जंगलात शिरलं की ते अडखळतं, कारण तिथली माती एकसारखी नसतेच. कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, वाळवीची आणि गांडुळांची बिळं, दगडांमधल्या फटी. जोराची सर आली की पाणी या वाटांनी थेट खाली उतरतं आणि शेजारची माती कोरडीच राहते. कीथ बेव्हेन आणि पीटर जर्मन यांनी १९८२ मध्ये याकडे ठळकपणे लक्ष वेधलं. सरासरी वेग धरून बसलेलं प्रारूप सांगतं नायट्रेट अजून वरच आहे, आणि ते केव्हाच मुळांच्या खाली गेलेलं असतं.

आपल्याकडं त्यात आणखी भर. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, खाली पाचोळ्याचा थर साचतो. कोरडी माती पहिल्यांदा भिजली की त्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि नत्र मोकळं होतं. नेमकी तेव्हा झाडांची नवी पालवी पुरती फुटलेली नसते, उचलणारं कुणी नसतं. पाचोळ्याला वणवा लागलेला असेल तर राखेतलं पोटॅश पहिल्याच पावसात विरघळतं. झाडांचं हे उचलणं किती मोठं असतं, ते अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात दिसलं. १९६५च्या हिवाळ्यात तिथं एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, पुन्हा उगवूही दिली नाहीत. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं.

म्हणून महिन्याची पावसाची बेरीज प्रारूपाला देणं मला पटत नाही. आपला पाऊस तासाभरात कोसळतो आणि मग दोन आठवडे तोंड दाखवत नाही. बेरीज केली की या बिळा-फटींतून गेलेलं पाणी हिशेबातून गायबच होतं. आकडे तासाचे हवेत.

दुसरी गोष्ट तळाची. पुष्कळ प्रारूपं मातीच्या थराखाली मोकळा निचरा धरतात, म्हणजे पाणी न अडता खाली निघून जातं असं मानतात. अजिंठ्याच्या किंवा बालाघाटच्या उतारावर हात-दोन हात मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात उतरतं, जिथं खडकाला फट नाही तिथं अडतं आणि उताराच्या दिशेनं आडवं सरकत ओढ्याला मिळतं. मोकळा निचरा धरला, तर हेच पाणी कागदावर थेट भूजलात जमा होतं आणि पायथ्याच्या विहिरींचा अंदाज चुकतो. तेव्हा प्रारूप चालवण्याआधी उतारावर वर, मध्ये आणि पायथ्याशी असे खड्डे मुरमापर्यंत खोदून पाहावेत, पावसाळ्यातली ओल तिथंच मोजावी, आणि तळाची अट, म्हणजे तिथं पाणी खाली निघून जातं की अडतं, ती त्यावरून ठरवावी.