खावटीचा अर्ज आणि एक कोरा रकाना

(दृश्य: टेबलावर छापील फॉर्म. बॉलपेन धरलेला हात एका ओळीपाशी थांबलेला.)

दूधवाल्याचं महिन्याचं बिल तिला तोंडपाठ आहे. मुलीच्या रिक्षाचे पैसे, सिलिंडर किती दिवस पुरतो, किराणावाल्याची उधारी किती राहिली, सगळं. पण फॉर्मवरची ही ओळ विचारतेय: नवऱ्याचं उत्पन्न किती? बँकेत खाती कुठे? त्याच्या नावावर काय काय आहे?

अकरा वर्षं संसार केला, आणि इथे पेन अडलं.

तिला आम्ही नाव दिलेलं नाही. फॅमिली कोर्टाच्या बाकावर तासभर बसलात, तर अशा कितीतरी जणी भेटतील.

(दृश्य: कोर्टाचा व्हरांडा. फायली, पिशव्या, कडेवरची मुलं.)

पुस्तकात शब्द असतो पोटगी. या आवारात म्हणतात खावटी. "खावटी लागली का?" "चार महिन्यांची खावटी थकलीय." शब्दातच खाणं आहे, म्हणून अनेकांना वाटतं, दोन वेळचं भागलं की झालं. कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही. राहायला जागा, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, आणि नांदत असताना जसं राहणीमान होतं, तेही बघतं.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो: आधी घटस्फोट, मग खावटी. तसं नाही. घटस्फोट न घेता वेगळी राहणारी बायकोही मागू शकते. त्यासाठीचं जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्याचा आकडा १४४ झाला. वकील अजून 'एकशे पंचवीस'च म्हणतात. घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली बाईही त्यात येते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ दावा चालू असतानाच्या खर्चासाठी, २५ कायमच्या पोटगीसाठी. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातूनही मागता येते. आणि हो, २४ आणि २५ खाली नवराही पोटगी मागू शकतो. कट्ट्यावर हे सांगितलं की लोक हसतात, पण कायद्यात १९५५ पासून लिहिलेलं आहे.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची पानं.)

१२५ कलमाला धर्म नाही. इंदूरच्या शाह बानो यांनी याच कलमाखाली अर्ज केला होता. नवरा वकील. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९८५ मध्ये हरला. पुढचं राजकारण सगळ्यांना आठवतं, मुस्लिम घटस्फोटितांसाठी आलेला १९८६ चा वेगळा कायदाही. ते वीस पैसे मात्र कुणाला आठवत नाहीत. कुणीतरी बसून एवढा बारीक हिशेब केला होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, मुस्लिम घटस्फोटितेला या कलमाचा मार्ग खुला आहे.

(दृश्य: पुन्हा तो फॉर्म. आता जवळून.)

हा फॉर्म आला नोव्हेंबर २०२० मध्ये. नागपूरच्या फॅमिली कोर्टात सुरू झालेलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्या निकालात देशभरासाठी एक पद्धत ठरली: दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथेवर लिहून द्यायचा. त्याआधी काय चालायचं? ती म्हणायची, लाखभर कमावतो. तो म्हणायचा, सध्या कामच नाही. आणि न्यायाधीश मधला कुठलातरी आकडा काढायचे.

शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, जिरायत की बागायत, पिकं कुठली, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती. आम्हाला हा नमुना आवडला. 'शेतीत काही उरत नाही हो' या वाक्याला इथे रकाने पाडलेत.

आणि त्याच फॉर्ममध्ये तो भाग, जिथे पेन अडलं होतं. समोरच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, ते लिहा.

इथेच घरातली सगळी जुनी मांडणी उघडी पडते. पगार त्याच्या खात्यात, पासबुक त्याच्या कपाटात, आणि तिच्या हातात महिन्याच्या खर्चाचे मोजून पैसे. मग माहिती आणायची कुठून? अनुभवी वकील विचारतात, घरासाठी कर्ज काढलं होतं का? कोर्टात पंधरा हजार सांगणारा माणूस बँकेत कर्ज मागताना पंधरा हजार सांगत नाही. त्या फाइलला पगाराच्या स्लिपा लावलेल्या असतात.

(दृश्य: कॅल्क्युलेटर. बाजूला वही.)

"पगाराच्या पंचवीस टक्के मिळते ना?" हे हमखास कानावर येतं. त्याचं मूळ २०१७ च्या एका निकालात आहे. त्या प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरवली होती. लोकांनी त्याचा नियम केला. ठरलेलं सूत्र कायद्यात कुठेही नाही. लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कुणाकडे, तिचं शिक्षण, संसारासाठी नोकरी सोडली का, त्याच्यावर म्हातारे आईवडील अवलंबून आहेत का, सगळं तोलून आकडा येतो. ती नोकरी करते एवढ्यावरून हक्क जात नाही, रक्कम कमी होऊ शकते. स्त्रीधन मात्र यात मिसळू देऊ नका. ते तिचंच आहे. ते परत देणं म्हणजे पोटगी देणं नव्हे.

अर्ज गेला की पुष्कळदा समोरून नोटीस येते: नांदायला ये. भाषा गोड, हेतू कधी खरा, कधी नुसता डाव. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नांदायला जाण्याचा हुकूमनामा झाला आणि ती गेली नाही, तरी तेवढ्यावरून खावटी नाकारता येत नाही. न जाण्याला पुरेसं कारण होतं का, ते बघावं लागतं.

(दृश्य: बोर्डावर लावलेली तारखांची यादी.)

मग तारखा. समजा, अर्ज जून २०२३ चा, आदेश जून २०२५ चा, खावटी महिना आठ हजार. २०२० च्या त्याच निकालानं ठरवलंय की रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे आदेशाच्या दिवशीच चोवीस महिन्यांचे १ लाख ९२ हजार येणे निघतात. मधल्या काळात अंतरिम काही मिळालं असेल, तर ते वजा.

येणे निघतात म्हणजे हातात येतात असं नाही. नाही भरले तर वसुलीचा अर्ज, वॉरंट, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. "जेलमध्ये जातो, पण देत नाही" म्हणणारे असतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की आत जाऊन आल्यानं बाकी फिटत नाही. आणि तिलाही सांगायला हवं की वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. 'आज देईल, उद्या देईल' करत बसलं, तर या मार्गानं मागचे महिने हातचे जातात.

(दृश्य: फॉर्म. पेन पुन्हा हलतं.)

तिला एक गोष्ट आठवली. विम्याचा एजंट दर वर्षी घरी यायचा, चहा तीच करायची. पॉलिसी दोन होत्या, हप्ता मार्चमध्ये.

तिनं ते लिहिलं. खालच्या ओळीवर बँकेचं नाव, शाखेसकट. खाते क्रमांकाची जागा अजून कोरी आहे.