मावशीची वही आणि एम.ए. अर्थशास्त्र

(गोव्यात डिचोलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय : 'एम.ए. अर्थशास्त्र – का आणि कसं?' त्यातला 'का' मी तुमच्यावर सोडतो. समोर निम्मे पालक दिसतायत आणि पालकांचा 'का' फार कडक असतो. बी.कॉम. करून बँकेत चिकटला असता, आणखी दोन वर्षं कशाला? माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. ते गेले, माझं उत्तर अजून तयार नाही.

तेव्हा 'कसं' बघू. त्यासाठी आधी म्हापशाला माझ्या मावशीच्या खाणावळीत जावं लागेल. काळजी करू नका, वेळेत परत येऊ.

माझं एम.ए. कुठं झालं ते विचारू नका. मार्गदर्शकांचं नावही सांगणार नाही, त्यांचे दोन विद्यार्थी इथं बसलेत आणि एक पहिल्या रांगेत आहे. साल १९८९. दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध होता. वर्गातल्या शहाण्यांनी पंचवार्षिक योजना घेतल्या, कारण त्यावर आधीच्या बॅचचे प्रबंध मिळत. मी म्हटलं, दर वाढला की मागणी घटते हे दहा पुस्तकांत वाचलं, एकदा डोळ्यांनी बघू.

मावशीकडे सात वर्षांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. सकाळी बाजारातून बांगडे आणायचे, चूल पेटवायच्या आधी पडवीत बसून लिहायचं. तारीख, पैसे, नग. नग का, हे तुम्हाला सांगायला नको, पण पुण्याहून आलेले पाहुणे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बाजारात मासळी वाट्यावर विकतात. वाटा पाच रुपयांचा म्हणजे पाच रुपयांचाच, त्यात आज नऊ बांगडे, उद्या पाच. दर तोच, मासे कमी. पाच रुपयांना नगांनी भागलं की खरा दर. सरकारी तक्त्यात किलोचे भाव असायचे, मावशीला किलो माहीत नव्हता. मासळीवालीनं एक बांगडा कमी घातला की महागाई, एवढं तिला कळायचं. महागाईचा निर्देशांक कसा काढतात हे मला दोन वर्षं शिकवलं, पण मोजायचं माप स्वतःच आकसू शकतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

वहीत चौथा रकानाही होता, शेऱ्याचा. 'वारें.' 'व्हडीं गेलीं नात', म्हणजे होड्या गेल्या नाहीत. 'एकादस.' 'जांवय आयला.' मी सगळ्या वह्या उतरवून काढल्या, दोन महिने लागले. शेरे मात्र वगळले. म्हटलं, अर्थशास्त्रात जावयाला जागा कुठं?

मग आलेख काढला, संगणक नव्हता, चौकटीचा कागद. दर चढला की नग कमी, म्हणून वरून खाली उतरणारी रेघ, म्हणजे मागणीचा वक्र, दिसेल अशी अपेक्षा. दिसली काय, तर सांडलेली मोहरी! त्यात श्रावणातले ठिपके भलतेच. दर उतरलेला, तरी मावशीनं बांगडे कमी घेतलेले. म्हणजे स्वस्त झालं की माणूस कमी घेतो? मला वाटलं, नवीनच सिद्धान्त हाती लागला. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "पुता, श्रावणांत नुस्तें कोण खाता रे?" नुस्तें म्हणजे मासळी.

मार्गदर्शकांनी आलेख अर्धा मिनिट बघितला. म्हणाले, "हा मागणीचा वक्र नव्हे. बाजारात दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे मागणी आणि पुरवठा एकमेकांना छेदतात ती जागा. दोन्ही वक्र हलत असले तर ठिपके बघून कुठला हलला ते कसं सांगशील?" इथवर ठीक. पुढं म्हणाले, "आणि खाणावळीच्या वहीला डेटा म्हणत नाहीत." वर्गात सगळे हसले. मी पंचवार्षिक योजना घेतली, तीन आठवड्यांत प्रबंध लिहिला. त्यातलं एक वाक्य आज मला आठवत नाही. मावशीच्या वहीतला नऊ नगांचा वाटा आठवतो.

इथंच आणखी एक सांगून टाकतो. अर्थमितीला, म्हणजे आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्राला, आम्हाला दामोदर गुजरातींचं पुस्तक होतं, १९७८ सालचं. मुलं त्याला नुसतं 'गुजराती' म्हणायची. मी मावशीकडे रात्री बसून वाचायचो. शेजारच्या बाईला ती काळजीनं सांगत होती, "अर्थशास्त्र जमना जाल्लें दिसता, आतां गुजराती शिकता."

तर सरांचा तो वहीवरचा अपमान मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. प्रत्येक बॅचला सांगायचो, हक्काचा हशा मिळायचा. मग २००० नंतर कधीतरी एक लेख हाती आला. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजाराचा. कॅथरीन ग्रॅडी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तिथले व्यवहार टिपले होते आणि दराबरोबर समुद्रावरचा वारा आणि लाटांची उंची घेतली होती. वाचता वाचता माझ्या हातातला चहा गार झाला.

का ते बघा. वारं सुटलं की होड्या जात नाहीत, मासळी कमी येते. पुरवठ्याचा वक्र सरकला. पण दर्यावर वारं आहे म्हणून म्हापशात जेवायला बसलेल्याची बांगड्याची भूक कमी होत नाही. मागणीचा वक्र जागच्या जागी. मग वाऱ्यानं दर जेवढा हलला तेवढाच धरायचा आणि त्याच्यामुळं खरेदी किती बदलली ते बघायचं; उमटतो तो मागणीचा वक्र. श्रावणात उलटं होतं, तिथं मागणीच सरकते. वाऱ्यासारख्या, फक्त पुरवठा हलवणाऱ्या गोष्टीला साधन-चल म्हणतात. ही युक्तीही जुनी, फिलिप राइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या जकातीविषयीच्या पुस्तकात, तेही परिशिष्टात, आहे. तिला पुढं नेणाऱ्या अँग्रिस्ट आणि इंबेन्स या अर्थशास्त्रज्ञांना २०२१ साली नोबेल मिळालं. ग्रॅडीबाईंबरोबर त्यांनीच त्या मासळीवर काम केलं होतं.

आणि मावशीच्या वहीत काय लिहिलं होतं? 'वारें.' 'व्हडीं गेलीं नात.' म्हणजे सरांचा आक्षेप पहिल्या अर्ध्यात शंभर टक्के बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मी उतरवून घेताना स्वतःच्या हातानं गाळलं होतं. जावयासकट.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, 'पाच मिनिटं'. मघाशी दहाची पाठवली होती, ती मी खिशात घातली.

बरं, विषय. एक, गणित. दहावीनंतर सोडलं असेल तर एम.ए.च्या आधीच्या सुट्टीत कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र करा. पहिल्या सहामाहीत लाग्रांजचा गुणक येतो आणि मुलं तिथंच ढेपाळतात. तो गुणक सांगतो इतकंच की हातात आणखी एक रुपया आला तर समाधान कितीनं वाढेल. सूत्र मग पाठ करा.

दोन, भाषा. परीक्षा इंग्रजीत लिहाल, पण समजून घ्या आपल्या भाषेत. मागणी, पुरवठा, लवचिकता हे शब्द तोंडात खेळवा. घरच्या माणसाला सांगता आलं नाही, तर आलं नाही असं समजा.

तीन, नोकरी. पालक इकडं लक्ष द्या. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास झाली की शिकवायचा मार्ग खुला होतो. कुठं शिकावं? ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, पुण्याला गोखले संस्था आहे, १९३० पासूनची. जिथं दुसऱ्या वर्षाला स्वतःचे आकडे गोळा करायला लावतात तिथं जा. बाकी माहितीपत्रकात वाचा.

प्रश्न आलाय की मूळ वह्या कुठं आहेत. मी लेख वाचून धावत गेलो होतो. खाणावळ बंद झालेली, वह्यांची पानं सुकी मासळी बांधायला कधीच गेलेली. माझ्याकडे उरलीय ती माझी नक्कल : तारीख, पैसे, नग. मात्र पणजीत आल्तिनो टेकडीवर वेधशाळा आहे, तिथं वाऱ्याच्या नोंदी ठेवतात. तारखा माझ्याकडे आहेत. नकलेच्या तीन वह्या मी आज आणल्यात, त्या तिथं चहाच्या टेबलावर आहेत. कुणाला लघुप्रबंध करायचा असेल तर घेऊन जा, फक्त त्यावर कप ठेवू नका.