दोन पाय पुढे, पण खरं काम मागे

मंडळी, नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, जागतिक सुवर्ण घेतलं, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्य. दोघांच्याही रायफलखाली बायपॉड, म्हणजे पुढचा दोन पायांचा टेकू, नव्हता. ऑलिंपिक नेमबाजीत तो चालतच नाही. त्याला खरा मान एफ-क्लासमध्ये, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून लांबवर नेम धरायच्या स्पर्धेत. हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वार्सन यांनी सुरू केला. त्यातल्या एफ-टीआर गटात रायफल .308 विंचेस्टर किंवा .223 रेमिंग्टन काडतुसाची, बायपॉडसकट वजन 8.25 किलोच्या आत, आणि अंतर हजार यार्डांपर्यंत.

नवीन माणसाला वाटतं, पुढे दोन पाय लागले की रायफल स्थिर झाली. झाली, पण अर्धीच. बायपॉडपासून दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकापर्यंत 90 सेंटीमीटर धरा. ते टोक पाव मिलिमीटर वर गेलं, तर हजार यार्डांवर गोळी 10 इंच खाली लागते. तिथल्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोलही साधारण तेवढाच. म्हणून महागड्या बायपॉडआधी दस्त्याखालच्या वाळूच्या पिशवीकडे बघा. पिशवी मुठीत आवळून नेम खालीवर करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मूठ थकते, सैलावते, आणि नेम हळूहळू वर सरकतो. पिशवी घट्ट भरलेली हवी, आणि उंची बायपॉडवरच जुळवून घ्यावी.

आता धक्का. गोळी नळीत असते सुमारे दीड मिलिसेकंद. तेवढ्यात एवढी जड रायफलसुद्धा मिलिमीटरभर मागे सरकलेली असते. म्हणजे गोळी बाहेर पडायच्या आतच तुमचा खांदा कामाला लागलेला असतो. हा धक्का दरवेळी सरळ मागे जायला हवा. त्यासाठी रायफलच्या रेषेत झोपा. तिरकं झोपलात की ती बाजूला उडी मारणार. खांद्याने बायपॉड पुढे रेटायचा की रायफलला जेमतेम स्पर्श करायचा, यावर गाण्यातल्यासारखी घराणी आहेत. हलक्या रायफलला रेटणं मानवतं, जड रायफलला मोकळं सोडणं. घराणं कुठलंही घ्या, पण पहिल्या गोळीला एक आणि दहाव्याला दुसरं नको.

तपासायचं कसं? गोळी सुटल्यावर डोळा स्कोपवरच ठेवा. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, त्याच लक्ष्यावर परत आली तर बैठक बरोबर. दरवेळी उजव्या बाजूच्या लक्ष्यावर जाऊन थांबत असेल, तर स्कोपच्या नॉबला हात लावू नका, कंबर सरकवा.

जमिनीचंही बघा. काँक्रीटवर पाय उसळतात, गवतात रुततात. काँक्रीटवर खाली सतरंजीचा तुकडा टाकला तरी फरक दिसतो. एफ-टीआरवाले बर्फावरच्या स्कीसारखे रुंद, चपटे पाय लावतात ते याचसाठी: धक्क्याबरोबर रायफल मागे सरळ घसरते, उसळत नाही. सराव गवतावर आणि स्पर्धा काँक्रीटवर असेल, तर आदल्या दिवशीच तिथे चार गोळ्या झाडून या. सुरुवातीचे सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे नेम, वारा वाचायला लागतात, ते जमीन ओळखण्यात घालवू नका.