फेलाच्या आईचं नाटक

नमस्कार, श्रोतेहो.

२०१० साली कोल्हापूरची माझी मावशी न्यूयॉर्कला आमच्याकडे आली होती. ब्रॉडवेवरचं एक तरी नाटक बघितल्याशिवाय परत जाणार नाही, असा तिचा हट्ट. मी तिकिटं काढली ती ‘फेला!’ची. फेला कुटी नावाचा नायजेरियातला एक गायक होता, सॅक्सोफोन वाजवायचा आणि तिथल्या लष्करी सरकारला गाण्यातून झोडपायचा, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. मावशीला म्हटलं, “संगीत नाटक आहे.” तिने पर्समध्ये लवंग-वेलदोडे घेतले आणि निघाली.

एकोणपन्नासाव्या रस्त्यावरच्या यूजीन ओनील थिएटरात शिरलो, तर थिएटर ओळखूच येईना. भिंतींवर पन्हाळी पत्रे, त्यावर भडक चित्रं, वर दिव्यांच्या माळा. ना तिसरी घंटा, ना पडदा. लोक जागा शोधत होते आणि बँड वाजवायला लागलासुद्धा होता. बँड ब्रुकलिनचा, अँटिबालास नावाचा. नायजेरियातल्या लागोस शहरातला फेलाचा क्लब त्यांनी तिथे उभा केला होता. क्लबाचं नाव ‘श्राइन’, म्हणजे देऊळच की! काळ १९७८चा. फेलाची आई नुकतीच गेलीय, आणि देश सोडून जावं की इथेच राहावं, या विचारात असलेला फेला श्राइनमध्ये शेवटचा कार्यक्रम करतोय.

सार एन्गौजा हा नट फेला झाला होता. तो आला, ओरडला, “एव्हरीबडी से या या!” आणि अख्खं थिएटर “या या!” ही भूमिका इतकी दमछाक करणारी, की ती दोन नट आळीपाळीने करायचे. थोड्या वेळाने त्याने आम्हा सगळ्यांना उभं केलं. कमरेभोवती घड्याळ आहे असं समजा, मी आकडा सांगेन तिकडे कंबर न्या. मावशीचे गुडघे दुखरे, पण उठली. बारा, सहा, तीन... शेजारचा सूटवाला गृहस्थ पार चुकत होता. मावशीचा सहाचा ठोका मात्र चुकला नाही.

एका प्रवेशात तो आपलं संगीत सुटं करून दाखवतो, गॅरेजवाला इंजिन उघडून दाखवतो तसं. हा पश्चिम आफ्रिकेतला हायलाइफ, हा जॅझ, हा अमेरिकेतला फंक, खाली योरुबा लोकांच्या ढोलांची चाल. सगळं परत जोडलं की अ‍ॅफ्रोबीट. माझी तक्रार इथेच आहे. फेलाचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, तबकडीची एक बाजू व्यापणारं. वाद्यंच आधी इतका वेळ खेळतात की गायक कधी तोंड उघडतोय याची वाट बघावी लागते. नाटकाला एवढी सवड कुठली? गाणं तापायला लागलं, की कथेला पुढे जायची घाई.

पण मावशीचं लक्ष फेलाकडे नव्हतंच. ती त्याच्या आईची वाट बघत होती. लिलियस व्हाइट ही गायिका आईच्या भूमिकेत पांढऱ्या वेशात यायची, मुलाच्या स्वप्नात आल्यासारखी. त्या बाईंचं नाव फुन्मिलायो रॅन्सम-कुटी. नाटकात जेवढं कळलं, त्यापेक्षा घरी येऊन वाचलं ते जास्त. अबेओकुटा या गावात बाजारात बसणाऱ्या बायकांवर इंग्रजांच्या राज्यात वेगळा कर होता, आणि तो वसूल करायचा तिथला राजा, म्हणजे अलाके. फुन्मिलायोबाईंनी हजारो बायका गोळा केल्या. त्या राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या आणि राजाची टर उडवणारी गाणी म्हणत राहिल्या. १९४९ साली राजाला गादी सोडावी लागली. फेला तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे त्याने सैनिकांना ‘झॉम्बी’ म्हटलं, चाल म्हटलं की चालणारे, थांब म्हटलं की थांबणारे मुडदे, ते गाणं मला तरी त्या राजवाड्यासमोरून आलेलं वाटतं.

त्या गाण्याची किंमत आईनेच मोजली. फेलाने लागोसमधल्या आपल्या घराला ‘कलाकुटा रिपब्लिक’ असं नाव दिलं होतं. ते नाव तुरुंगातल्या कोठडीवरून आलं, आणि त्याचं मूळ आपलं कलकत्ता, असं सांगतात. माझ्या कानाला मात्र ते कालकूट विषच ऐकू येतं. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिक त्या घरावर चालून आले. घर जाळलं, माणसांना मारलं, बायकांवर अत्याचार केले, आणि ७६ वर्षांच्या फुन्मिलायोबाईंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. त्या सावरल्याच नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. चौकशीत ठपका कुणावर? ‘अज्ञात सैनिका’वर.

नाटकात हा प्रसंग आला तेव्हा नाच थांबला. भिंतीवर अक्षरं उमटायला लागली, त्या दिवशी कुणाचं काय झालं त्याच्या जबान्या. तासाभरापूर्वी कंबर हलवणारे आम्ही सगळे अंधारात वाचत बसलो.

हल्ल्याला वर्ष झालं तेव्हा फेलाने एकाच दिवशी २७ बायकांशी लग्न केलं. बहुतेक जणी त्याच्याच बँडमधल्या. मावशी कानाशी म्हणाली, “सत्तावीस? हा काय चंद्र आहे, की याला नक्षत्रं हवीत?” नाटक हा विषय हसतखेळत उरकतं, ते मला पटलं नाही. आणि कथा १९७८मध्येच थांबवल्यामुळे त्याच्या मरणाबद्दल बोलावं लागत नाही, हीही पळवाटच. १९९७मध्ये तो एड्सने गेला. त्याने स्वतः तो आजार कधी मानलाच नव्हता. मृत्यूनंतर जगाला सांगितलं ते त्याच्या भावाने, जो देशाचा आरोग्यमंत्री राहिलेला डॉक्टर होता.

दिग्दर्शक बिल टी. जोन्स मुळात नृत्यवाला. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत नृत्यदिग्दर्शनाचा त्यालाच मिळाला. पण शेवटी त्याने नाच ठेवला नाही. नटनट्या एकेक करून शवपेट्या घेऊन आले आणि रंगमंचावर रचत गेले. खऱ्या आयुष्यात फेलाने आईच्या नावाची शवपेटी लागोसच्या डोडान बरॅक्सच्या दारात, म्हणजे लष्करी सरकारच्या उंबऱ्यावरच नेऊन ठेवली होती.

बाहेर आलो. मावशी बराच वेळ गप्प. सबवेच्या जिन्याशी थांबली आणि म्हणाली, “ती पेटी त्यांनी घेतली का रे आत?”

म्हटलं, “त्याच्या गाण्यात आहे ते. त्यांना नको होती. तरी उचलावी लागली.”

“बरं झालं,” असं म्हणून तिने कठडा धरला आणि एकेक पायरी उतरायला लागली.