तीन आणे, साडेसात आणे, पंधरा आणे

श्रोतेहो, नमस्कार.

अर्थसंकल्पाचं अधिवेशन आलं की विरोधी बाकांवरून कुणीतरी उठतं. कर वाढले, नोकऱ्या कुठे आहेत, असं विचारून सरकारला धारेवर धरतं. मग मतदान होतं आणि विरोधक हरतात. हरणारच असतात, कारण संख्या सरकारकडे असते. म्हणून पुष्कळ जण विचारतात, अहो, मग या भाषणांचा उपयोग काय? आज मी तुम्हाला 1963 सालच्या ऑगस्ट महिन्यातल्या लोकसभेत नेणार आहे. तिथे सरकारवरच्या अविश्वासाच्या ठरावावर विरोधकांचा 62 विरुद्ध 347 असा सपाटून पराभव झाला होता.

आधी तेव्हाची परिस्थिती थोडी आठवू. चीनबरोबरचं युद्ध होऊन जेमतेम काही महिने झाले होते. संरक्षण खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं होतं आणि त्या खात्याला पैसा हवा होता. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. फेब्रुवारी 1963 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 867 कोटी रुपये धरले होते. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हा तो डोळे पांढरे करणारा होता. पैसा उभा करायला कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर बसला, हे ठीकच. पण रॉकेलवरचं उत्पादन शुल्कही वाढलं. खेडोपाडी वीज नव्हती, दिवा रॉकेलचाच. त्यामुळे हा कर कुणाच्या घरात शिरला, हे वेगळं सांगायला नको.

त्यावर सक्तीची बचत योजना आली. वर्षाला 1500 रुपये मिळवणारा नोकरदार, शेतसारा भरणारा शेतकरी, विक्रीकर भरणारा दुकानदार, या सगळ्यांनी सरकारकडे ठरावीक रक्कम ठेवायचीच. पाच वर्षांनी व्याजासकट परत मिळेल, असं सांगितलं होतं. कागदावर तो कर नव्हता. पण ज्याच्या महिन्याच्या शेवटी हातात काही उरतच नाही, त्याला कर काय आणि सक्तीची बचत काय, दोन्ही सारखंच.

आणि सोनं! जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. नवे दागिने 14 कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे करायचे नाहीत. चोरटी आयात थांबावी, लोकांनी सोन्याचा नाद सोडावा, हा हेतू. पण 14 कॅरटचं मंगळसूत्र कोण करून घेणार? गिऱ्हाईक थांबलं आणि गावोगावच्या सोनारांची शेगडी विझली. मालकाकडे निदान जुना साठा होता, कारागिराकडे फक्त हात होते. देशभरात लाखो सोनार बेकार झाले, काहींनी आत्महत्या केल्या. करचुकवेगिरी आणि तस्करी रोखायला निघालेल्या धोरणानं रोजगार कसा मारला जातो, याचं याहून उघड उदाहरण मला तरी माहीत नाही.

अशा वातावरणात आचार्य कृपलानींनी 19 ऑगस्टला नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला हा पहिला अविश्वास ठराव. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकांतून तीन दांडगे विरोधक सभागृहात आले होते. अमरोह्यातून स्वतः कृपलानी, राजकोटहून मिनू मसानी आणि फर्रुखाबादहून डॉ. राममनोहर लोहिया. लोहियांना शपथ घेऊन आठवडासुद्धा उलटला नव्हता.

लोहिया हिंदीत बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, या देशातली 27 कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात, आणि पंतप्रधानांवर रोज 25 हजार रुपये खर्च होतात. पंतप्रधानांच्या कुत्र्याचाही हिशेब त्यांनी काढला. तो भाग मला रुचत नाही, पण सभागृहाबाहेर लोकांच्या तोंडी तोच जास्त राहिला, हेही खरं. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. देशात दशमान नाणी येऊन सहा वर्षं झाली होती, सरकारी कागदांवर नवे पैसे होते. तरी लोहिया आण्यांत बोलले, कारण बाजारात लोक आण्यांतच बोलत होते.

नेहरूंनी हा आकडा खोडून काढला. तीन नव्हे, पंधरा आणे, असं ते म्हणाले. श्रोतेहो, आपण जरा हिशेब करू. रोज पंधरा आणे म्हणजे वर्षाला साधारण 342 रुपये. देशाचं सगळं उत्पन्न घ्या, लोकसंख्येनं भागा, उत्तर साधारण एवढंच येत होतं. म्हणजे नेहरूंचा आकडा चुकीचा नव्हता. फक्त तो लोहियांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. लोहिया तळातल्या साठ टक्क्यांबद्दल विचारत होते आणि पंतप्रधान गिरणीमालक आणि झाडूवाला यांची बेरीज करून त्याला दोनानं भागत होते.

ठराव 22 तारखेला पडला. पण तीन आण्यांचा वाद मिटेना. लोकसभेला 6 सप्टेंबरला या एकाच विषयावर वेगळी चर्चा करावी लागली. तिथे गुलझारीलाल नंदा उभे राहिले. कामगार आणि नियोजन ही दोन्ही खाती त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली. त्यांनी तिसराच आकडा दिला, साडेसात आणे.

मला विचाराल तर त्या महिन्यातला सर्वांत मोठा क्षण हाच. लोहियांचे तीन आणे पुढे काटेकोर तपासणीत टिकण्यासारखे नव्हते असं माझं मत आहे, गरिबीचा आकडा त्यांनी खूपच खाली नेला होता. पण सरकारला पंधरावरून साडेसातवर उतरावं लागलं. आणि हे साडेसात आणे महिन्याचे करून बघा, जेमतेम चौदा रुपये होतात. आदल्याच वर्षी, 1962 मध्ये, नियोजनकारांच्या अभ्यासगटानं माणशी महिना 20 रुपये ही किमान गरज ठरवली होती, तीही शिक्षण आणि औषधपाणी सोडून. म्हणजे सरकारनं विरोधकाला खोटं पाडायला दिलेला आकडाच सरकारच्या स्वतःच्या किमान रेषेच्या खाली होता. भाषणबाजीनं एवढं साधत नाही. मंत्र्याला आकडा सांगायला भाग पाडलं की साधतं.

रोजगाराचंही तसंच. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा वाचलेल्याला दिसत होतं की योजना सुरू होताना 90 लाख माणसं बेकार होती, पाच वर्षांत 170 लाख नवे हात येणार होते आणि काम मिळणार होतं 140 लाखांना. वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येईल. योजना शंभर टक्के यशस्वी झाली तरी शेवटी बेकार वाढलेलेच असणार, हे तिच्याच पानांवर छापलेलं होतं! अशा वेळी रॉकेल महाग करायचं आणि सोनाराची भट्टी बंद करायची, याला विरोधकांनी प्रश्न विचारायचे नाहीत तर कुणी?

मतदानानंतर काय घडलं, तेही ऐका. दोनच दिवसांनी कामराज योजनेखाली, म्हणजे काँग्रेसच्या ज्येष्ठांनी सत्तेची पदं सोडून पक्षाच्या कामाला लागायचं या योजनेखाली, सहा केंद्रीय मंत्र्यांचे राजीनामे स्वीकारले गेले. त्यात मोरारजीही होते, आपल्या मुंबईचे स. का. पाटीलही होते. ते राजीनामे या ठरावामुळे झाले असं मी म्हणणार नाही, त्यामागे काँग्रेसचं अंतर्गत राजकारण होतं. पण नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आले आणि सक्तीच्या बचतीचं जोखड बहुतेकांच्या मानेवरून उतरलं. 14 कॅरटची अट 1966 मध्ये गेली. सुवर्ण नियंत्रण मात्र 1968 च्या कायद्याच्या रूपानं ठाण मांडून राहिलं. तो कायदा रद्द झाला 1990 मध्ये, आणि रद्द करणारे अर्थमंत्री होते मधू दंडवते. कोकणातल्या राजापूरचे खासदार, लोकसभेतला बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेलेले समाजवादी. त्यांच्या आधी राजापूरचे खासदार होते बॅरिस्टर नाथ पै, आणि ते 1963 च्या त्या लोकसभेत विरोधी बाकांवरच बसत.

आण्यांचा हिशेब पुढे पुण्यात आला. अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1960-61 च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना 15 रुपये ही त्यांची रेषा. दिवसाला बरोबर आठ आणे. आणि खेड्यांतली सुमारे 40 टक्के माणसं त्याखाली होती. नंदांचे साडेसात आणि हे आठ, फरक फक्त अर्ध्या आण्याचा! या दोघांचा उपायही ऐकण्यासारखा होता. गरिबाला काम द्या, सार्वजनिक बांधकामं काढा, आणि त्यासाठी लागणारा पैसा वरच्या थरातल्या लोकांच्या खर्चाला कात्री लावून उभा करा.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेली रोजगार हमी राज्यभर आली. त्या योजनेसाठी 1975 मध्ये विधिमंडळानं शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि जितका कर गोळा होईल तितकीच भर शासनानंही घालायची असं ठरलं. पुढे रोजगार हमीचा निधी पडून राहतो, शासन आपला वाटा वेळेवर घालत नाही, हा प्रश्न विधानसभेत विरोधकांनी वर्षानुवर्षं लावून धरला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, गोरेगावच्या मृणालताई गोरे ही त्यातली ठळक नावं.

हा कर अजून चालू आहे. नोकरी करत असाल तर पगाराची चिठ्ठी काढून बघा. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300, कारण राज्यघटनेनं वर्षाची कमाल मर्यादा 2500 ठरवली आहे. हा पैसा कशासाठी सुरू झाला होता आणि आज कुठे जातो, हे तुमच्या आमदारांना विचारायला हरकत नाही.

नमस्कार.