तारांचा ताण

(दृश्य: सायकलच्या दुकानासमोर उलटी ठेवलेली सायकल. मागचं चाक फिरतंय. रिम ब्रेकच्या रबरापाशी डावी-उजवीकडे झुलतेय.)

"चाकाला आऊट आलाय," म्हणजे चाक डावी-उजवीकडे झुलतंय. सायकलच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. मिस्त्री चाक फिरवतो, रिम कुठे घासते ते बघतो, तिथल्या दोन-तीन निपलना, म्हणजे तारा रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटांना, चावी लावतो आणि पाच मिनिटांत चाक सरळ फिरू लागतं. गिऱ्हाईक समाधानाने निघून जातं. थोड्याच दिवसांत तेच चाक पुन्हा दारात. आऊट निघालेला असतो, पण बाकीच्या तारांचा ताण कुणी तपासलेलाच नसतो. चाक सरळ फिरतंय म्हणजे तारा सारख्या ताणलेल्या आहेत, असं होत नाही.

(दृश्य: एकच तार, हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, रिमपर्यंत.)

बैलगाडीच्या चाकात मधल्या तुंब्याखालचा लाकडी आरा दाब सोसतो. गाडीचं वजन त्याच्यावर उभं असतं. सायकलची तार जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. उभी धरून वरून दाबलीत तर बोटाच्या जोरानेही ती वाकेल. तिला फक्त ओढ सोसता येते. म्हणून चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवतात. चांगल्या चाकात एकेका तारेवर १०० किलोच्या आसपास ताण असतो. तेवढ्या ताणाने तार लांबते किती? सुमारे अर्धा मिलिमीटर! सायकलचं सगळं वजन या अर्ध्या मिलिमीटरच्या भरवशावर रस्त्यावरून जातं.

(दृश्य: चाकाचा जमिनीला टेकलेला भाग. स्वार सीटवर बसतो.)

आता तुम्ही सीटवर बसलात. बऱ्याच जणांना वाटतं, हब वरच्या तारांना लटकलेला असतो. प्रत्यक्षात वरच्या तारांचा ताण फारसा बदलतच नाही. बदलतो तो खालच्या तीन-चार तारांचा, आणि तोही कमी होतो. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर मागच्या चाकावर ५० किलोहून जास्त भार येतो. तेवढी ओढ या खालच्या तारा मिळून गमावतात. मुळात १०० किलोचा ताण असेल तर तो थोडा उतरतो, तरी तार ताठच राहते. पण मुळातच ताण २० किलो असेल, तर पहिल्याच खड्ड्यात तार पूर्ण सैल पडते.

आणि हे दर फेऱ्याला घडतं. साध्या रोड सायकलचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर पुढे जातं. म्हणजे किलोमीटरला ४७५ च्या आसपास फेरे. शंभर किलोमीटरच्या राइडमध्ये प्रत्येक तार सत्तेचाळीस हजारांहून जास्त वेळा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. पुरेसा ताण असलेली तार हे वर्षानुवर्षं सोसते. ढिली तार मात्र हबच्या भोकापाशी, तिला जिथे वाक दिलेला असतो तिथे, दर फेऱ्याला हलते, आणि बहुतेक वेळा तिथेच तुटते. जास्त ताणली म्हणून तार तुटली, असं लोक म्हणतात. खरं कारण बऱ्याचदा नेमकं उलट असतं.

(दृश्य: स्वार चढावर उभा राहून पॅडल मारतोय. मागच्या चाकाचा क्लोजअप.)

चालवणाऱ्याला काय जाणवतं? चढावर उभं राहून पॅडल मारताना मागचं चाक डुलतं. रिम ब्रेकला घासते. तारा एकमेकींवरून जातात तिथून कुरकुर ऐकू येते. वळणावर सायकल हुकमात राहत नाही.

तारा आवळल्या की सायकल जास्त दणके देते, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. तार सैल पडत नाही तोवर चाकाचा कडकपणा तारांची संख्या, जाडी आणि रिम यांवर ठरतो. त्यांच्या ताणाचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नाही. दणका मुख्यतः टायर खातो. तो कित्येक मिलिमीटर दबतो, तर रिम मिलिमीटरच्या अंशाइतकीच. पाठ दुखत असेल तर आधी टायरमधली हवा तपासा.

(दृश्य: जुनी उंच चाकाची सायकल, रेखाचित्र.)

लाकडी चाकांच्या जागी ताणलेल्या तारा आल्या, त्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीचा वाटा मोठा. १८७० च्या सुमाराला त्याने आणि विल्यम हिलमनने 'एरियल' ही उंच चाकाची सायकल आणली. तिच्या हबला दांडे होते, ते फिरवले की सगळ्या तारा एकदम ताणल्या जात. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या, एकमेकींवरून नेल्या. आजही बहुतेक चाकं अशीच बांधली जातात.

(दृश्य: बोट एकेक तार छेडतंय. आवाज स्पष्ट ऐकू येतो.)

ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण कानही बरंच सांगतो. तार रिमच्या बाजूने छेडा. ताण चौपट झाला की स्वर दुप्पट उंच होतो. एकाच बाजूच्या तारा साधारण एकाच स्वरात बोलायला हव्यात. एखादी 'टिंग' ऐवजी 'ठप्प' वाजली, तर ती कामच करत नाहीये आणि तिचा भार शेजारणींवर पडतोय. गिअरच्या सायकलीत मागच्या दोन बाजूंची तुलना करू नका. गिअरच्या चकत्यांना जागा देण्यासाठी उजव्या तारा जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे डावीकडचा ताण निम्म्याच्या आसपासच भरतो. ढिल्या पडतात त्याही बहुधा डाव्याच.

(दृश्य: मिस्त्रीचे हात. चावी पाव फेरा फिरते, किंचित मागे येते.)

बघा, रिम डावीकडे आणायची म्हणून तो डाव्या तारा पाव फेरा आवळतो आणि समोरच्या उजव्या तेवढ्याच सोडतो. नुसतं आवळत गेला असता तर चाक सरळ झालं असतं, पण ताण एकाच जागी साठला असता, आणि तो हाताबाहेर गेला तर निपलपाशी रिमला चीर जाते. चावी किंचित मागे का येते? निपलबरोबर तारेला पीळ बसतो, तो सोडवायला. मग तो जोडीजोडीने तारा मुठीत धरून दाबतो. ही 'टिक-टिक' उरलेला पीळ सुटल्याची.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा चाक एकदा पुन्हा दुकानात न्या. आऊट नसला तरी न्या, आणि मिस्त्रींना सांगा, "ताण बघून द्या."