गॅस फायरप्लेसला रिमोट बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

गॅसच्या फायरप्लेसला रिमोट बसवायचा म्हटलं की अनेकांना वाटतं, आता गॅसच्या नळीला हात लावावा लागणार. तसं काही नसतं. रिमोटचा सेट गॅस सोडत नाही, ठिणगी पाडत नाही, ज्योत पेटली की विझली हेही पाहत नाही. रिसीव्हर नावाची त्याची छोटी डबी दोन वायरी जोडते आणि तोडते. भिंतीवरचा स्विच करतो तेच काम. गॅस उघडणं आणि ज्योत गेली की तो बंद करणं ही जबाबदारी आधीपासून असलेल्या व्हॉल्व्हची, आणि ती त्याच्याकडेच राहिली पाहिजे. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणून सेट विकत घेण्याआधी फायरप्लेसच्या खालचं झाकण उघडा आणि आपली फायरप्लेस कोणत्या जातीची आहे ते बघा. बर्नर बंद असतानाही एक छोटी पायलट ज्योत सतत जळत असेल, आणि व्हॉल्व्हवर टीएच, टीपी आणि टीएच-टीपी अशी अक्षरं असलेले तीन स्क्रू दिसत असतील, तर ती मिलिव्होल्ट पद्धतीची. हिला बाजारातला साधा रिमोट सेट चालतो. पायलट नसेल आणि प्रत्येक वेळी टकटक आवाज करत ठिणगी पडत असेल, तर आत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, म्हणजे ठिणगी आणि ज्योत सांभाळणारं सर्किट आहे. तिथे त्याच उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेला सेटच घ्या. कारण प्रत्येक मॉड्यूलची जोडणी वेगळी असते. ज्योत कमीजास्त करणारा रिमोट हवा असेल तरी हाच नियम, कारण त्यासाठी व्हॉल्व्हवर छोटी मोटर असावी लागते. साध्या सेटमध्ये फक्त चालू आणि बंद एवढंच मिळतं.

तिसरी जात म्हणजे हाताने गॅस सोडून काडीने पेटवायची फायरप्लेस. हिला रिमोट बसवायचाच नाही. ज्योत आहे की नाही हे ओळखणारा कोणताही भाग तिथे नसतो, त्यामुळे दुरून बटण दाबलं तर न पेटलेला गॅस खोलीत येत राहील. आधी सुरक्षा पायलट असलेला व्हॉल्व्ह अधिकृत गॅस तंत्रज्ञाकडून बसवून घ्या, मग रिमोटचा विचार करा.

आता मिलिव्होल्ट पद्धत. पायलट ज्योतीत थर्मोपाइल नावाची धातूची कांडी तापत असते आणि त्या उष्णतेवर ती वीज तयार करते. किती? साधारण अर्धा व्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. याच विजेवर व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, गॅसची वाट उघडते. घरातली वीज गेली तरी ही फायरप्लेस चालते, ती यामुळेच. पण बळ इतकं कमी असल्यामुळे वाटेतला थोडासा अडथळाही जाणवतो. कॉइलचा रोध जेमतेम काही ओहम असतो. 18 गेजच्या (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 0.021 ओहम. रिसीव्हर 6 मीटर दूर ठेवलात तर जाऊन-येऊन 12 मीटर वायर, म्हणजे पाव ओहम. तेवढं चालून जातं. बारीक टेलिफोनची वायर वापरली, किंवा गंजलेल्या स्क्रूवर वायर नुसती गुंडाळली, की बर्नर कधी पेटतो, कधी पेटत नाही. वायर 18 गेजची घ्या, लांबी 6 मीटरच्या आत ठेवा आणि टोकांना दाबून बसवलेले लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची टोकं, लावा.

कामाला सुरुवात करताना व्हॉल्व्हचा नॉब ऑफवर आणा, गॅसची मुख्य चावी बंद करा आणि सगळं थंड होऊ द्या. भिंतीवरच्या स्विचकडून आलेल्या दोन वायरी टीएच आणि टीएच-टीपी या स्क्रूंवर असतात. थर्मोपाइलच्या दोन वायरी टीपी आणि टीएच-टीपीवर. या दुसऱ्या जोडीला हात लावू नका. रिसीव्हरच्या दोन वायरी स्विचच्या वायरींच्या जागी लावा. कोणती कुठे याने फरक पडत नाही, रिसीव्हर हा नुसता स्विच आहे. घरच्या मेनची वीज या स्क्रूंपर्यंत कधीही पोचू देऊ नका. कॉइल क्षणात जळते आणि मग सगळा व्हॉल्व्ह बदलावा लागतो. भिंतीतल्या जुन्या बॉक्समध्ये मेनच्या वायरी शेजारून जात असतील तर ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

भिंतीवरचा स्विचही ठेवायचा असेल तर तो रिसीव्हरच्या समांतर जोडता येतो. मात्र मग दोघांपैकी एक जरी चालू असेल तरी बर्नर जळत राहील. रिमोटने बंद होत नाही म्हणून सेटला दोष दिला जातो, आणि भिंतीवरचा स्विच ऑनवर असतो.

रिसीव्हर कुठे ठेवायचा, हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. आतले सेल आणि सर्किट साधारण 54 अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाहीत. बर्नरच्या पेटीखाली, मागच्या बाजूला, तापमान याच्या कितीतरी वर जातं. शक्य असेल तर रिसीव्हर फायरप्लेसच्या बाहेर, भिंतीतल्या बॉक्समध्ये बसवा. आतच ठेवायचा असेल तर अगदी पुढे, जमिनीलगत, झाकणाच्या जवळ आणि व्हॉल्व्हपासून बाजूला, सोबत मिळणारा उष्णतारोधक पत्रा लावून. चांगले रिसीव्हर जास्त तापले की बीप करतात आणि बर्नर बंद करतात. तो बीप आला तर जागा बदला. सेल काढून पुन्हा घालण्याने काही साधत नाही. रिसीव्हर चारही बाजूंनी पत्र्याने वेढला गेला तर रेडिओ लहरी अडतात आणि 6-7 मीटरची पोच एक-दोन मीटरवर येते, तेवढंही लक्षात असू द्या.

रिसीव्हरमध्ये बहुधा डबल ए मापाचे 4 सेल लागतात. अल्कलाइनच घ्या आणि चारही एकदम नवे घाला. रिसीव्हरवर तीन जागांची सरकपट्टी असते: ऑन, रिमोट, ऑफ. ती रिमोटवर आणा. मग लर्न लिहिलेल्या बारीक छिद्रात पेपरक्लिपचं टोक दाबा आणि लगेच रिमोटचं बटण दाबा. बीप आला की दोघांची ओळख झाली. शेजारच्या घराच्या रिमोटने आपली फायरप्लेस पेटू नये म्हणून ही ओळख करून द्यावी लागते.

आता पायलट. मुख्य चावी उघडा, पण नॉब ऑफवर ठेवून 5 मिनिटं थांबा, म्हणजे साचलेला गॅस निघून जाईल. वास आला तर पुढे जाऊ नका. कोणताही स्विच न दाबता बाहेर पडा आणि बाहेरून गॅस पुरवठादाराला कळवा. वास नसेल तर नॉब पायलटवर आणून दाबून धरा, इग्नायटर दाबा, आणि ज्योत धरल्यावरही मिनिटभर नॉब दाबूनच ठेवा. मग नॉब ऑनवर. इथेच पुष्कळ जण चुकतात. नॉब पायलटवरच राहिला तर ज्योत छान दिसते, रिमोट बीप करतो, आणि बर्नर ढिम्म.

तापमान ठरवून देता येणारा रिमोट असेल तर थर्मामीटर हातातल्या रिमोटमध्येच असतो, हे विसरू नका. तो उन्हात, सोफ्याच्या उशीखाली किंवा फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवला की त्याला खोली गरमच वाटते आणि बर्नर अवेळी बंद होतो. माणसं बसतात तिथे, उघड्यावर ठेवा. अशा पुष्कळ सेटमध्ये रिमोट दर पंधरा मिनिटांनी रिसीव्हरला खूण पाठवतो, आणि दोनेक तास ती मिळाली नाही की रिसीव्हर बर्नर बंद करतो. रिमोट दुसऱ्या खोलीत नेलात तर हे होणारच. ही सोय मला फार मोलाची वाटते. ती निकामी करण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर ऐकू नका.

बर्नर पेटेनासा झाला तर दोष शोधायचा क्रम असा. पायलट जळते का आणि नॉब ऑनवर आहे का, हे आधी. मग सरकपट्टी ऑनवर न्या. बर्नर पेटला तर वायरी आणि व्हॉल्व्ह ठीक, सेल किंवा ओळख बिघडली. नाही पेटला, तर रिसीव्हरच्या वायरी काढून टीएच आणि टीएच-टीपी यांमध्ये वायरीचा छोटा तुकडा क्षणभर लावा. आता पेटला, तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या वायरींत. तरीही नाही, तर मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून टीपी आणि टीएच-टीपी यांमध्ये मोजा. पायलट काही मिनिटं जळल्यावर, बर्नर बंद असताना, 400 च्या वर आकडा हवा. 300 च्या खाली असेल तर पायलटची ज्योत थर्मोपाइलला नीट वेढत नाही, बहुधा छिद्रात धूळ किंवा काजळी असते, किंवा थर्मोपाइलच थकली आहे. आकडा चांगला असूनही बर्नर पेटत नसेल, तर व्हॉल्व्ह तंत्रज्ञाला दाखवा. तो स्वतः उघडायचा नाही.

उलट तक्रारही येते: रिमोटने पेटतो, पण बंद होत नाही. काही रिसीव्हरमधला रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, एकदा जोडला की जोडलेलाच राहतो आणि सुटण्यासाठीही त्याला सेलची ताकद लागते. सेल मेले तर बर्नर जळतच राहतो. अशा वेळी सरकपट्टी ऑफवर न्या. तेवढ्यानेही नाही झालं तर नॉब ऑफ करा. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती पट्टी आणि तो नॉब कुठे आहे हे दाखवून ठेवा, आणि सेल थंडी सुरू होताना दर वर्षी बदला.

लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक चालू ठेवा. बर्नर चालू असताना समोरची काच 200 अंशांच्याही वर तापते आणि बंद केल्यावर बराच वेळ गरम राहते. मुलाच्या हातात रिमोट गेला तर काच कधी तापली हे मोठ्यांना कळतही नाही, त्यामुळे काचेपुढे जाळी असायलाच हवी. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. चिमणीला धूर सोडण्याची झडप असलेली फायरप्लेस असेल तर ती झडप पूर्ण बंद होऊ नये म्हणून तिला क्लँप बसवा, कारण रिमोटने पेटवताना ती उघडायला उठून कोणी जाणार नाही. घरात कोणी नसताना बर्नर चालू ठेवू नका, रिमोटचं तापमान कितीही अचूक लावलेलं असो.

थंडी संपली की सरकपट्टी ऑफ करा, दोन्हीकडचे सेल काढून ठेवा, म्हणजे ते गळून संपर्कपट्ट्या खराब होणार नाहीत. पायलट बंद केली असेल तर पुढच्या वेळी पेटवताना नॉब ऑफवर 5 मिनिटं थांबण्यापासून पुन्हा सुरुवात करा.

नमस्कार.